लाटणारी तीच मालकीण : लिज्जतच्या नियमांचे प्रकरण

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटे भरली. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख (छगनबापा) यांच्याकडून उसने घेतलेले. माल गेला भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तोवर श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही सुमारे ४५ हजार सदस्य आणि ८० हून अधिक शाखांची संस्था झालेली होती.

ही गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. कंपनीत नियम लिहायचे काम ज्यांच्या गळ्यात पडते त्यांनी ती नियमांची म्हणून वाचावी. लिज्जतमध्ये कामाचे, पैशाचे, दर्जाचे आणि माणसे घेण्याचे जे नियम आहेत ते सगळे एकाच वाक्यातून निघतात : जी लाटते ती मालकीण. हे वाक्य काढून घेतले आणि नियम तसेच ठेवले, तर उरते काय हे आपल्याच राज्यात दुसऱ्या एका धंद्यात पाहायला मिळते. त्याकडे पुढे येऊ.

गच्चीवरचे पहिले निर्णय

संस्थेकडे तेव्हा लेखी नियमावली नव्हती. पण पहिल्या वर्ष-दोन वर्षांत तीन प्रश्न समोर आले आणि प्रत्येकाचे उत्तर पुढे नियम होऊन बसले.

पहिला प्रश्न दर्जाचा. सुरुवातीला दोन प्रतीचे पापड काढायचे, एक चांगला आणि एक स्वस्तातला, असा विचार होता. संस्थेला सल्ला देणाऱ्या छगनबापांनी तो मोडून काढला : एकच प्रत करा, तीही उत्तम, आणि हिशेब पक्का ठेवा. हा सल्ला बाजाराच्या दृष्टीने बरोबर होताच, पण आतल्या कारभाराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा होता. दोन प्रती असत्या तर हलके पीठ कोणाच्या वाट्याला द्यायचे हे रोज कोणीतरी ठरवले असते. जी ठरवते ती मुकादम. मुकादम आला की मालकीण संपली.

दुसरा प्रश्न पैशाचा. देणगी घ्यायची नाही आणि माल उधारीवर द्यायचा नाही, हे फार लवकर ठरले. देणगीदार आला की त्याचे म्हणणे ऐकावे लागते. उधारी आली की लाटणारीचे पैसे अडकतात, आणि ती तर आज संध्याकाळच्या भाजीचा हिशेब करून आलेली असते. इथे एक बारकावा आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने संस्थेला मान्यता दिली आणि खेळते भांडवल पुरवले. ते संस्थेने घेतले. म्हणजे बाहेरचा पैसा वर्ज्य होता असे नाही. ज्या पैशाबरोबर कोणाची मेहेरबानी येते तो वर्ज्य होता. नियम लिहिताना अशी रेघ नेमकी ओढता आली पाहिजे, नाहीतर 'आम्ही बाहेरचे पैसे घेत नाही' असे बाणेदार वाक्य लिहून ठेवले जाते आणि पहिल्याच गरजेला मोडले जाते.

तिसरा प्रश्न पावसाचा. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी खाट आणि शेगडी आणली. पापड खाटेवर पसरायचे, खाली शेगडी ठेवायची. साधी युक्ती, पण तिच्यामागचा निर्णय साधा नाही. पावसाळी सुट्टी हा सोपा नियम होता, आणि हंगामी धंद्यात तो कोणालाही खटकला नसता. मात्र ज्या बाईला घरबसल्या नियमित चार पैसे मिळावेत म्हणून हा उद्योग काढला, तिला चार महिने काही मिळत नसेल तर उद्योगाचा हेतूच आठ महिन्यांचा ठरतो. सुट्टीचा नियम सोडून शेगडी घेतली गेली ती म्हणून.

पेच : गच्ची पुरेना

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. पहिल्या तीन महिन्यांत पंचवीसजणी झाल्या, दुसऱ्या वर्षाअखेर दीडशे, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर. एवढ्याजणींना पोळपाट मांडून बसायला जागा नाही. समोर तीन वाटा होत्या. भरती थांबवायची, मोठी जागा भाड्याने घेऊन कारखाना काढायचा, किंवा पीठ एका ठिकाणी मळून लाट्या घरी न्यायला द्यायच्या.

भरती थांबवली तर दारात उभ्या असलेल्या बाईला 'आमचे भागले' असे सांगणे आले. कारखाना काढला तर घर, लहान मूल आणि सासू सोडून येऊ शकत नाही तीच बाई बाहेर राहते, आणि तिच्यासाठीच तर सगळे चालले होते. तिसरी वाट धरली गेली. मात्र तिने पाच नवी भोके पाडली :

चव. प्रत्येकीच्या हाताचे पीठ वेगळे, तर पाकीट उघडणाऱ्याला दर वेळी वेगळा पापड.
स्वच्छता. कोणाच्या घरात कुठे लाटले, कुठे वाळवले, कोण बघणार?
वजन. मळलेल्या पिठात पाणी असते, वाळल्यावर वजन उतरते. किती पीठ नेले आणि किती पापड आणले याचा मेळ कसा घालायचा?
पैसे. तीनशेजणींचा हिशेब महिनाअखेर करायचा तर आधी विश्वास उडतो, मग माणसे.
आणि एकोपा. गच्चीवर शेजारी बसून जे न सांगता कळत होते, ते आता कळणार कसे?

कोणत्याही कंपनीने घरून काम सुरू केले की हेच पाच प्रश्न नाव बदलून येतात. बहुतेक ठिकाणी त्यांचे उत्तर नजर ठेवण्याच्या यंत्रणेत शोधले जाते. लिज्जतने ते रोजच्या एका भेटीत शोधले.

सकाळची देवघेव

शाखेचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो. मळणाऱ्या बहिणी आधी येतात. उडदाचे पीठ, मिरी, हिंग आणि बाकीचा मसाला ठरलेल्या प्रमाणात घेऊन पीठ मळले जाते. कच्चा माल शाखेने आपापला विकत घ्यायचा नाही. तो मध्यवर्ती कार्यालयातून सर्व शाखांना एकसारखा येतो. चवीचा प्रश्न असा दोन ठिकाणी बांधून टाकला : खरेदी एका हातात, मळणे शाखेच्या नजरेखाली. घरी जाते ते फक्त लाटणे आणि वाळवणे, म्हणजे ज्या कौशल्यावर या बायकांचा हात आधीच बसलेला होता तेवढेच.

मग लाटणाऱ्या येतात. अनेक शाखांत त्यांना ने-आण करायला संस्थेची मिनीबस असते. हातात कालचे वाळलेले पापड. ते तपासले जातात, तोलले जातात, त्यांची वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातावर पडते आणि आजचे पीठ डब्यात मिळते. चार गोष्टी, एकाच रांगेत, एकाच सकाळी.

या रांगेकडे नीट पाहा. पापड ओला राहिला असेल तर वजन जास्त भरते आणि पाकिटात बुरशी धरते. तो दोष दुसऱ्याच सकाळी सापडतो, महिन्याने ग्राहकाच्या तक्रारीतून नाही. कोणाचा पापड जाड आला तर तिला लगेच, समोरासमोर, पापड हातात धरून सांगता येते. आणि मजुरी रोजची असल्यामुळे तंटा झालाच तर तो एका दिवसाच्या वणाईपुरता असतो. हिशेब जितका लांबवावा तितका तंट्याचा आकडा फुगतो, हे पगारपत्रक करणाऱ्या कोणालाही पटेल. गच्चीवरचा सहवासही थोडाबहुत इथे शिल्लक राहतो : सगळ्याजणी रोज एकमेकींना दिसतात.

घराच्या स्वच्छतेचा नियम सदस्य होतानाच लागू होतो. बाईने प्रतिज्ञापत्रावर सही करायची, वय किमान १८. सुरुवातीला लहान मुलीही येत असत, ती पद्धत पुढे बंद झाली. घरी लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा हवी. ती नसेल तर? इथे या नियमाची खरी परीक्षा आहे, कारण मुंबईत अशी जागा नसणारीलाच कामाची गरज जास्त. उत्तर असे की अशा बाईने शाखेत येऊन मळण्याचे, तपासण्याचे किंवा पाकिटे भरण्याचे काम करावे. अट ठेवली, पण अटीत न बसणारीसाठी दुसरे दार उघडे ठेवले. शिवाय घरांना आणि शाखांना अचानक भेटी दिल्या जातात आणि पापडांची प्रयोगशाळेत तपासणी होते. विश्वास आहे म्हणून तपासणी नको, असा भाबडेपणा या संस्थेने केलेला नाही.

नफा, तोटा आणि नकाराचा हक्क

नफ्याची वाटणी करताना कोण किती वर्षांची जुनी आणि कोण काय काम करते हे पाहिले जात नाही. वणाई कामाप्रमाणे, नफा बरोबरीने. मेहनत करणारीला मेहनतीचे मिळते आणि मालकिणीला मालकीचे. दोन्ही हिशेब वेगळे ठेवल्याने एकावरून दुसऱ्यात भांडण शिरत नाही. तोटा झाला तर तोही सगळ्याजणींचा. 'मालक' शब्दाला वजन येते ते या दुसऱ्या भागाने.

शाखेची प्रमुख संचालिका, वर एकवीसजणींची व्यवस्थापन समिती. सगळ्या सदस्यांतूनच आलेल्या. पुरुष कामाला असतात, ड्रायव्हर, हिशेबनीस, मदतनीस म्हणून, पण पगारी; सदस्य नाहीत. निर्णय एकमताने, आणि एकीनेही हरकत घेतली तर तो अडतो.

हा शेवटचा नियम ऐकताना फार छान वाटतो आणि उसना घेताना सर्वात जास्त तोच फसतो. एकमत जमते ते जिथे सगळ्यांचे काम जवळपास सारखे, पैसा सारखा आणि रोजची गाठभेट आहे तिथे. विक्रीवाल्याला कमिशन, कारखान्यातल्याला ओव्हरटाइम आणि संस्थापकाला शेअर अशी तीन तोंडे तीन दिशांना असतील तर एकमताचा नियम म्हणजे ज्याला थांबायला परवडते त्याचे राज्य. अशा कंपनीत 'सर्वांचे ऐकून अमुक व्यक्ती ठरवेल' असे सरळ लिहिणे जास्त प्रामाणिक.

सगळेच साधले असेही नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा उभी राहिली ती १९६८ मध्ये, गुजरातेत वालोडला. खाकरा, मसाले, बेकरी, डिटर्जंट असे उद्योग वाढत गेले, पण काडेपेटी, अगरबत्ती आणि चामड्याच्या वस्तू यांत हात पोळले. आमच्या मते यात एक धागा दिसतो. पापड लाटणे संस्थेने बायकांना शिकवले नव्हते. ते त्यांना येतच होते. काडेपेटीत ते नाही. ज्या कौशल्यावर नियम उभे आहेत तेच नसेल तर नियम कितीही चांगले असोत, पाया लागत नाही.

तीच पद्धत, उलटे फळ

आता विडीकडे. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या पट्ट्यात कितीतरी वर्षे बायका घरी विड्या वळत आल्या. पद्धत कागदावर लिज्जतसारखीच : कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू घ्यायचा, घरी वळायचे, माल नेऊन द्यायचा, तपासणी, नगावर मजुरी. फरक तपासणाऱ्याच्या खिशात. विडी खराब म्हणून छाट काढली की त्या विडीची मजुरी वाचते, आणि ती वाचते मालकाची किंवा ठेकेदाराची. पाने कमी किंवा फाटकी दिली तर तूट भरते कामगार बाई. छाटीचे भांडण इतके पाचवीला पुजलेले की १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात कच्च्या मालाचा पुरवठा, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरच्या तंट्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली. लिज्जतची नोंदणी झाली तेही वर्ष १९६६, हा योगायोग.

लिज्जतमध्ये पापड नाकारणारी बाईही सदस्यच आणि नफा-तोट्याची तितकीच भागीदार. पापड उगाच नाकारून तिला काही मिळत नाही, आणि वाईट पापड पुढे ढकलूनही नाही. तपासणीचा नियम शब्दशः सारखा असला तरी कोणाच्या फायद्यासाठी चालतो यावर त्याची जात ठरते.

म्हणून आपल्या सेवकांना 'सहकारी' किंवा 'भागीदार' म्हणायचे, त्यांच्याकडून भागीदारासारख्या उशिरापर्यंतच्या कामाची अपेक्षा ठेवायची आणि नफ्याचा प्रश्न निघाला की 'तुम्ही पगारी आहात' म्हणायचे, ही सध्या पुष्कळ ठिकाणी चाललेली रीत आम्हाला विडीच्या जास्त जवळची वाटते.

आपल्या कंपनीसाठी कसे वापरावे

लिज्जतचे नियम उचलून नेऊ नयेत. ते ज्या क्रमाने सुचले तो क्रम न्यावा. एक कल्पित उदाहरण घेऊ. चाकणजवळ चाळीस माणसांची कंपनी, काम कारखान्यांतली यंत्रे दुरुस्त करण्याचे. भिंतीवर लिहिले आहे 'उत्कृष्टतेचा ध्यास'. या वाक्यातून एकही नियम निघत नाही, कारण ते कोणत्याच निर्णयाला नाही म्हणत नाही. आधी ते बदलावे : 'यंत्र बंद पडल्याचा फोन आला की चार तासांत आमचा माणूस दारात.' आता नियम आपोआप खटकायला लागतात.

सकाळी ९ ला अंगठा लावण्याचा नियम घ्या. रात्री दोनला फोन आला, मिस्त्री पहाटे सहाला मोकळा झाला, आणि ९ ला अंगठा नाही म्हणून अर्धा पगार कापला. पुढच्या वेळी त्याचा फोन रात्री बंद असतो. भिंतीवरचे वाक्य आणि हजेरीचा नियम भांडले की नेहमी हजेरीचा नियम जिंकतो, कारण पैसे त्याच्या हातात आहेत. तसेच सुट्या भागांचे : दोन हजारांच्या बेअरिंगसाठी तीन सह्या लागत असतील तर चार तास सह्यांतच जातात.

नवा मसुदा एका पानात बसतो. रात्रीची पाळी आलटूनपालटून, चार आठवड्यांतून एक, आणि फोन आला नाही तरी त्या आठवड्याचा ठरावीक भत्ता. रात्री काम झाले तर काम संपल्यापासून दहा तास विश्रांती, हजेरी धरूनच. दहा हजार रुपयांपर्यंतची खरेदी मिस्त्रीने स्वतः करावी. बिलाचा फोटो त्याच दिवशी, पैसे तीन दिवसांत. आकडे प्रत्येकाने आपल्या धंद्याप्रमाणे लावावेत, पण आकडा हवाच. 'वाजवी खर्च' आणि 'शक्य तितक्या लवकर' असे लिहिले की नियम वरिष्ठाच्या मूडवर चालतो.

मसुदा झाला की तो तीन जणांना वाचायला द्यावा आणि गप्प बसावे : सर्वात नवा माणूस, मुख्य कार्यालयापासून सर्वात लांब काम करणारा, आणि पैसे देणारा हिशेबनीस. नव्याला जे कळत नाही ते भाषेचे दोष. लांबच्याला जे जमत नाही ते कल्पनेचे दोष. हिशेबनीस ज्यावर मान हलवतो ते अमलात येणार नाही, मग ते कितीही सुंदर असो. प्रत्येक नियमाखाली दोन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत : हे चुकले तर भुर्दंड कोणाला, आणि तपासणाऱ्याला कडक वागून काही मिळते का? दुसऱ्याचे उत्तर 'हो' आले तर तो छाटीचा नियम आहे, पुन्हा लिहावा.

काही गोष्टी संस्कृतीवर सोडायच्या नसतात. दहा किंवा अधिक माणसे असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी : अध्यक्ष त्याच कंपनीतली वरिष्ठ महिला, निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तर पाळणाघराची सोय. 'आमच्याकडे घरासारखे वातावरण आहे' हे यांपैकी कशाचेही उत्तर होत नाही. लहान कंपन्यांत समिती फक्त कागदावर बसवलेली असते आणि बाहेरच्या सदस्याला आपण सदस्य आहोत हेही आठवत नसते. निदान त्या सदस्याचे नाव आणि फोन नंबर सूचना फलकावर लावलेले असावेत.

आणि प्रत्येक नियमाच्या तळाशी तारीख टाकावी, साधारण वर्षभराची. त्या दिवशी नियम पुन्हा मंजूर केला नाही तर तो गळून पडेल असेही लिहावे. पहिल्या वर्षी हे अंगावर येते, कारण सगळे नियम एकाच आठवड्यात संपतात. म्हणून तारखा विखरून ठेवाव्यात : हजेरी आणि रात्रपाळीचा नियम पावसाळ्यानंतर, खरेदीचा आर्थिक वर्ष उलटल्यावर, आणि भरतीचा, पहिल्या दहा नव्या माणसांना सहा महिने झाले की.